परवचा, घनपाठ आणि साक्ष : सातारा-सांगली प्रांतांतील स्मरणाच्या रीति

जुन्या पिढीची स्मरणशक्ति आजच्या पिढीपेक्षां स्वभावतःच दांडगी होती, असें पुष्कळदां बोलण्यांत येतें. हें मत आम्हांस मान्य नाहीं. मनुष्याचें डोकें दोनचार पिढ्यांत बदलत नाहीं. बदलते ती डोक्याबाहेरील व्यवस्था. ज्या काळीं कागद महाग होता, छापखाना नव्हता आणि लिहिणारा गांवांत एखादाच असे, त्या काळीं हिशेब, नातीं, हद्दी व हक्क ध्यानांत राहावे म्हणून लोकांनीं कांहीं रीति बसविल्या होत्या. त्यांचे मासले कृष्णाकांठच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत चांगले पाहावयास मिळतात. १९४९ मध्यें साताऱ्याचे कांहीं तालुके व विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. तेव्हां दोहोंचा विचार एकत्र करणेंच सोयीचें होय.

प्रथम घरगुती व्यवहार घेऊं. दिवेलागण झाली म्हणजे मुलांनीं देवापुढें बसून परवचा म्हणावयाचा, ही चाल आपल्याकडे घरोघर होती. तींत वार, तिथि, महिने, नक्षत्रें, श्लोक व पाढे येत. पाढे केवळ पूर्णांकांचे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, हींही मुलास मुखोद्गत असत. पंतोजीच्या शाळेंत धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचें आणि पाढे मोठ्यानें म्हणावयाचे. एकानें पुढें सांगावें, इतरांनीं मागून म्हणावें. आज हा सारा खटाटोप निरर्थक वाटतो. परंतु चाळीस शेरांचा मण आणि सोळा आण्यांचा रुपया होता तेव्हां त्याचा उपयोग काय होता तें पाहावें. मणाचा भाव जितके रुपये, तितके आणे अडीच शेरांस पडतात. कारण अडीच शेर हा मणाचा सोळावा भाग व आणा हा रुपयाचा सोळावा भाग होय. आतां बारा रुपये मणानें साडेसतरा शेर धान्य घ्यावयाचें आहे असें समजा. ज्यास अडीचकी येते त्यास ‘सात अडीच साडेसतरा’ हें तत्काळ आठवतें. बारा साते चौऱ्यायशीं आणे, म्हणजे सवापांच रुपये झाले. कागद लागला नाहीं व दुकानदारावर विसंबावें लागलें नाहीं. बाजारांत फसविलें जाऊं नये, हा या पाठांतराचा रोकडा हेतु होता. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं, पुढें वजनेंही बदललीं आणि औटकीचा आधार गेला. ती विस्मृतींत गेली याचें कारण मुलें मंद झालीं हें नव्हे. तिला विचारणारा व्यवहारच उरला नाहीं.

दुसरा प्रकार वाई, माहुली, कऱ्हाड अशा क्षेत्रांतील वैदिक पठणाचा. येथें अर्थ राखून भागत नाहीं. अक्षर व स्वर दोन्ही जसेंच्या तसे राहिले पाहिजेत. त्यासाठीं एकच मंत्र अनेक रीतींनीं म्हणतात. संहितेचीं पदें सुटीं केलीं म्हणजे पदपाठ. पहिलें-दुसरें, दुसरें-तिसरें अशा जोड्यांनीं म्हटलें म्हणजे क्रम. पहिलें-दुसरें, दुसरें-पहिलें, पुन्हां पहिलें-दुसरें अशी उलटसुलट गुंफण केली म्हणजे जटा. आणि त्यापुढें पहिलें-दुसरें-तिसरें, तिसरें-दुसरें-पहिलें, पुन्हां पहिलें-दुसरें-तिसरें असें जोडलें म्हणजे घन. प्रत्येक पद अनेक वेळां व निरनिराळ्या शेजाऱ्यांसह उच्चारलें गेल्यामुळें एखादें गळलें किंवा मागेंपुढें झालें तर चूक तेथल्या तेथें उघडी पडते. घनपाठ हें अशा अर्थानें नुसतें पाठांतर नसून पाठांतराची तपासणी होय. मात्र ही विद्या एका वर्णापुरती व त्यांतही पुरुषांपुरतीच राखिली गेली, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. ज्या वाईंत ती नांदली, तेथेंच नारायणशास्त्री मराठे (१८७७–१९५५) यांच्या प्राज्ञपाठशाळेंत धर्मकोशाचें काम झालें व तेथूनच मराठी विश्वकोश सिद्ध झाला, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्यें निघाला. कंठस्थ विद्या व ग्रंथस्थ विद्या यांचें वैर नसतें, हें या एका गांवावरूनही दिसून येतें.

तिसरा प्रकार गांवाच्या स्मृतीचा. वतनाचा अथवा शिवेचा तंटा पडला म्हणजे वादी-प्रतिवादी आपापली तकरीर व करीना देत आणि गोतसभा साक्षी घेई. त्या साक्षींत वडिलांचे तोंडून ऐकिलेल्या व स्वतः पाहिलेल्या गोष्टी येत. निवाड्याचा महजर झाला म्हणजे पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची करीत. शिवेच्या वादांत महाराची साक्ष विशेष मानली जाई. त्यानें पुढें चालावें व हद्द दाखवावी, इतरांनीं मागें जावें. वाट, ओढा, वृक्ष, धोंडा यांच्या क्रमांत ती हद्द त्याच्या पायांस ठाऊक असे. ज्या माणसास गांवानें वेशीबाहेर ठेविलें, त्याच्याच स्मरणावर गांवाची वेस ठरावी, ही गोष्ट इतिहासकारानें नजरेआड करूं नये.

या स्मृतीसही पडताळा होता. साक्ष चारचौघांत द्यावी लागे, शपथ घ्यावी लागे, आणि खोटें बोलणाऱ्यास त्याच गांवांत जन्म काढावयाचा असे. तरीही वजनदार घराण्यापुढें साक्षीदार दबत, आणि ज्यास लाभ त्याचें स्मरण लाभाकडे झुकत असे. म्हणून महजरांतील मजकूर पाहण्यापूर्वीं साक्ष देणारे कोण व कोणाच्या आश्रयाचे, हें पाहणें अवश्य आहे.

चौथा प्रकार हेळव्यांचा. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमेवर, विशेषतः सांगली-कोल्हापूरकडे, बैल घेऊन फिरणारे हे वंशावळ सांगणारे लोक कांहीं वर्षांच्या अंतरानें घरीं येत. कुळाचा मूळ पुरुष, मूळ गांव, शाखा कोठें गेल्या, हें ते सांगत. मधल्या काळांत जन्मलेल्यांचीं नांवें विचारून घेत, आणि धान्य किंवा वस्त्र घेऊन पुढें जात. यांत स्मरणाबरोबर वहीही आली. येथें पडताळा उभयपक्षीं असे. हेळव्यानें चूक केली तर घरांतील म्हातारी त्यास अडवी. म्हातारीस विसर पडला तर हेळवी तिला आठवण देई. परंतु यजमानास गोड वाटेल असें मूळ सांगण्याचा मोहही याच व्यवहारांत असतो. चारपांच पिढ्यांपर्यंतचीं नांवें व स्थलांतरें यांस आम्ही अधिक वजन देतों, त्यापलीकडील राजकुलांच्या संबंधास कमी.

पांचवें उदाहरण सांगलीच्या रंगभूमीचें. १८४३ मध्यें चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं सीतास्वयंवर हा नाट्यप्रयोग केला. या नाटकांत सूत्रधार पद्यें म्हणे आणि पात्रें त्या अनुरोधानें आपलीं भाषणें ऐनवेळीं रचून बोलत. म्हणजे पद्यें पाठ असत, भाषणाचा केवळ आशय ध्यानांत असे. भाव्यांनीं पुढें आपलीं पद्यें नाट्यकवितासंग्रहांत छापविलीं, म्हणून तीं आज आहेत. भाषणें पाठही नव्हतीं व लिहिलेलींही नव्हतीं. तीं बोलणाऱ्यांबरोबरच गेलीं.

या पांच उदाहरणांवरून स्मरणाचे कांहीं नियम निघतात. जें राखावयाचें त्यास ताल किंवा क्रम द्यावा. तें ठराविक वेळीं म्हणावें. तें दुसऱ्यानें ऐकावें व चूक दाखवावी. शक्य तेथें तें एखाद्या जागेशीं बांधावें. आणि त्याचा रोजच्या व्यवहारांत उपयोग असावा. यांपैकीं एकेक धागा तुटला कीं स्मरण सैल होतें. लेखन हा आणखी एक धागा होय, इतर धाग्यांचा शत्रु नव्हे. चाफळ व परळी येथें वावरलेल्या समर्थ रामदासांच्या शिष्यवर्गांत मनाचे श्लोक तोंडपाठ करण्याचा प्रघात पडला. पण त्याच समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहिला.

हा विषय आज मांडण्याचें कारण निकडीचें आहे. १९६४ मध्यें कोयनेचें धरण पुरें झालें आणि त्या खोऱ्यांतील अनेक गांवें शिवसागर जलाशयाखालीं गेलीं. गांवकरी दूरदूरच्या जिल्ह्यांत वसविले गेले. पुढें धोम व वारणा येथील धरणांनींही कित्येक गांवठाणें बुडविलीं. ज्या धोंड्यापाशीं उभें राहून शीव आठवावयाची तो धोंडा पाण्यांत आहे, आणि ज्यानें ती पाहिली तो माणूस आज सत्तरीच्या पलीकडे आहे. अशा गांवाचा नकाशा सरकारी दप्तरांत सांपडेल. परंतु शेतांचीं नांवें, पाणवठ्यांचे वाटे, जत्रेंतील मानाचा क्रम यांस त्या माणसावांचून दुसरें दप्तर नाहीं.

कागद शोधीत हिंडणाऱ्यास ‘आमचे घरीं कांहींच नाहीं’ हें उत्तर नेहमीं मिळतें. तें ऐकून परत फिरूं नये, इतकीच आमची वाचकांस विनंति आहे. घरांतील वृद्धांस, व विशेषतः वृद्ध स्त्रियांस, विचारावें. सांगणारानें गोष्ट स्वतः पाहिली कीं ऐकिली, व ऐकिली तर कोणापासून, हें प्रथम लिहावें. दोघांस वेगवेगळें बसवून विचारावें आणि विसंगति दिसली तर ती मिटवूं नये, तशीच नोंदावी. बोलण्यांतील शब्द आपल्या मतें अशुद्ध असले तरी सुधारूं नयेत. स्थळ व दिवस अवश्य घालावा. कागद कसरीनें खाल्ला तरी त्याचा तुकडा मागें राहतो. माणसाचें स्मरण जातें तें समूळ जातें. म्हणून दप्तराची गांठ सोडण्यापूर्वीं ओसरीवर बसलेल्या वृद्धापाशीं घटकाभर बसावें, असें आम्हांस वाटतें.