विश्लेषण : कथा बदलता येत नाही, तरी ‘फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स’वर खेळाडू २८ वर्षं का भांडतायत?

‘फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स’ हा १९९७ सालचा जपानी गेम ३० सप्टेंबर २०२५ रोजी ‘दि इव्हालिस क्रॉनिकल्स’ या नावानं नव्या रूपात आला आणि जुन्या खेळाडूंचे जुनेच वाद पुन्हा सुरू झाले. यातला मुख्य वाद ग्राफिक्सचा नाही, किमतीचाही नाही. या गेममध्ये तुम्ही काहीही केलंत तरी कथा एकाच वाटेनं जाते आणि शेवटही एकच आहे. ‘तुमचे निर्णय कथा घडवतील’ अशी जाहिरात करणाऱ्या गेम्सच्या गर्दीत हा सरळसोट गेम अनेकांना आजही आपल्या प्रकारातला सर्वोत्तम वाटतो. त्याच गेममध्ये काही जण एका किल्ल्यात अडकले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. दोन्ही बाजूंचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे.

गेम नेमका आहे तरी काय?

दिग्दर्शक यासुमी मात्सुनो, कंपनी स्क्वेअर (आजची स्क्वेअर एनिक्स), यंत्र सोनीचं पहिलं प्लेस्टेशन. प्रकार ‘टॅक्टिकल रोल-प्लेइंग’. म्हणजे बुद्धिबळासारखा घरांचा पट आणि आळीपाळीनं चाली, पण इथल्या सोंगट्यांना नाव आहे, पेशा आहे, स्वभाव आहे. बुद्धिबळात मेलेलं प्यादं पुढच्या डावात पुन्हा पटावर उभं राहतं. इथं ते कायमचं जातं.

कथा इव्हालिस नावाच्या काल्पनिक राज्यातली. शेजारच्या राज्याशी पन्नास वर्षं चाललेलं युद्ध नुकतंच संपलंय. तिजोरी रिकामी आहे आणि पगार न मिळालेले सैनिक दरोडेखोर झालेत. राजा मरतो, वारस तान्हा असतो आणि दोन ड्यूक सत्तेसाठी एकमेकांवर उठतात. एकाचं निशाण पांढरा सिंह, दुसऱ्याचं काळा. इंग्लंडच्या इतिहासातलं ‘गुलाबांचं युद्ध’ वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. या धामधुमीत दोन मित्र आहेत. रॅम्झा मोठ्या सरदार घराण्यातला. डेलिटा त्याच घरात वाढलेला, पण सामान्य कुळातला.

‘सरळ रेषेतला’ म्हणजे कसा?

नकाशावर ठिपके आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. मागच्या ठिपक्यांवर परत जाता येतं, खरेदी करता येते, वाटेत अचानक होणाऱ्या लढाया लढता येतात. पण कथा पुढे न्यायची असेल तर पुढचा ठिपका एकच. शेवटच्या भागात काही उपकथा सापडतात, त्यांनी मूळ वाट बदलत नाही. संवादात क्वचित पर्याय मिळतो, त्यानंही फारसा फरक पडत नाही.

गंमत म्हणजे याच मात्सुनोंचा आधीचा गेम, १९९५ चा ‘टॅक्टिक्स ओगर’, फाटे फुटणाऱ्या कथेसाठी ओळखला जातो. त्यात एका गावातल्या निरपराधांच्या कत्तलीचा हुकूम मानायचा की नाही, हे खेळाडूनं ठरवायचं आणि पुढची कथा त्यानुसार वेगळी. म्हणजे फाटे कसे फोडायचे हे माहीत असलेल्या माणसानं दोन वर्षांनी ते टाळले.

त्याचं कारण गेमच्या पहिल्या काही मिनिटांतच दिसतं, असं मला वाटतं. कथा सांगणारा आहे काही शतकांनंतरचा एक इतिहासकार. राज्याच्या अधिकृत इतिहासात युद्ध संपवणारा नायक म्हणून डेलिटाचं नाव आहे. रॅम्झाला धर्मपीठानं पाखंडी ठरवलंय. मात्र दडपून ठेवलेली काही कागदपत्रं सापडलीयत आणि त्यांत वेगळीच हकिकत आहे. थोडक्यात, तुम्ही खेळता ती घडून गेलेली गोष्ट आहे. दरबारी बखरीत जे आलं नाही ते तुम्ही वाचताय आणि घडून गेलेल्या गोष्टीला पर्याय कुठून येणार?

मग खेळाडूच्या हातात काय राहतं?

फौज. आणि तिथं स्वातंत्र्य इतकं आहे की नव्या खेळाडूला पहिले काही तास गोंधळायला होतं. एका लढाईत साधारण पाच जण उतरवता येतात. प्रत्येकाला पेशा द्यायचा. सुरुवात साध्या शिलेदारापासून किंवा औषधवाल्यापासून. त्यातून सरदार, धनुर्धारी, संन्यासी, चोर, काळी किंवा पांढरी जादू करणारे असे पेशे उघडत जातात. एका पेशात शिकलेलं कसब दुसऱ्यात वापरता येतं. चिलखतातला सरदार औषधंही फेकतोय, अशी माणसं तयार होतात. ती प्रत्येक खेळाडूची वेगळी असतात.

इंजिनिअरिंगला ‘ऑपरेटिंग सिस्टीम’चा पेपर दिलेल्यांना यातली चालींची पद्धत आवडेल. घड्याळाच्या प्रत्येक ‘टिक’ला सैनिकाचा वेग त्याच्या खात्यात जमा होतो, खातं शंभरवर गेलं की त्याची पाळी. वेग १० असेल तर दहाव्या टिकला, ८ असेल तर तेराव्या. हललात आणि वारही केलात तर खात्यातून १०० वजा, दोन्हींपैकी एकच केलंत तर ८०, नुसते थांबलात तर ६०. म्हणजे काही न करणं हीसुद्धा चाल आहे, कारण पुढची पाळी लवकर येते. प्रोसेसरला कामं वाटून देणारं ‘शेड्युलिंग’ याच घराण्यातलं.

याच्या जोडीला उंची आहे, तोंड कुठल्या दिशेला आहे हे आहे (पाठीवर वार झाला तर ढाल कामाला येत नाही) आणि ‘श्रद्धा’ नावाचा एक आकडा आहे. श्रद्धा जास्त असलेल्याची जादू जोरात चालते, पण शत्रूची जादूही त्याला तितकीच जोरात लागते. श्रद्धा फारच वाढली तर तो सैनिक फौज सोडून कायमचा निघून जातो. धर्मपीठाच्या राजकारणावर बेतलेल्या गेममध्ये हा नियम उगाच आलेला नसावा.

सैनिक पडला की त्याच्या डोक्यावर ३ हा आकडा येतो. त्याच्या प्रत्येक पाळीला तो एकेक उतरतो. शून्यानंतर तो उठवला नसेल तर त्याचा स्फटिक होतो किंवा पेटी, आणि माणूस संपला. भरतीकेंद्रातून घेतलेल्या या शिपायांची नावं गेमनंच कशीही दिलेली असतात, कथेत त्यांना एक वाक्यही नसतं. तरी खेळाडूंशी बोललात तर राजकन्येच्या आधी ते आपल्या एखाद्या धनुर्धारी पोरीबद्दल सांगतात, जी डॉर्टरच्या गल्लीत गेली. डॉर्टर ही अगदी सुरुवातीची लढाई. छपरावर धनुर्धारी, खाली जादूगार आणि तुम्ही उताराच्या चुकीच्या टोकाला. ‘हा गेम आपल्याला सांभाळून घेणार नाही’ हे बहुतेकांना इथंच कळतं.

कथेतला तो धक्का कोणता?

(गेम खेळायचा असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.) पहिल्या भागाच्या शेवटी डेलिटाची बहीण टिएट्रा बंडखोरांच्या ताब्यात असते. बंडखोरांनी तिला सरदार घराण्यातली समजून पळवलंय. रॅम्झाचा भाऊ सैन्य घेऊन किल्ल्यापुढे उभा आहे. सामान्य घरातल्या एका मुलीसाठी लढाई थांबवायची का, हा त्याच्यापुढे प्रश्नच नाही. तो बाण सोडायला सांगतो आणि अर्गाथ नावाचा तरुण, जो कालपर्यंत तुमच्याच तुकडीत होता, तो सोडतो.

तिथवर तुम्ही प्रत्येक लढाई बिनचूक जिंकलेली असली तरी हे टळत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्या अनेकांचा राग आधी गेमवर निघतो: एवढी तयारी केली, मला वाचवू का दिलं नाही? पण हा राग नेमका डेलिटाचा आहे. जन्मानं ठरलेल्या पायरीपुढे कष्ट, निष्ठा, मैत्री काहीच चालत नाही, हे त्याला त्या क्षणी कळतं आणि यापुढे कुणाच्याही पटावरचं प्यादं व्हायचं नाही असं तो ठरवतो. ‘टिएट्राला वाचवा’ असा पर्याय दिला असता तर खेळाडू खूश झाला असता आणि डेलिटाची कथा तिथंच संपली असती. एकरेषीय रचनेच्या बाजूनं याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

मग रिओव्हानेसवर इतका राग का?

कारण तीच रचना तिसऱ्या भागात खेळाडूच्या गळ्याशी येते. रिओव्हानेस किल्ल्यात एकामागोमाग तीन लढाया आहेत. पहिली दारात. ती जिंकली की गेम विचारतो, सेव्ह करायचं का? सज्जनपणे ‘हो’ म्हटलं की मूळ आवृत्तीत परतीची वाट बंद. नकाशावर जाता येत नाही, सराव करता येत नाही, दुकान नाही.

दुसऱ्या लढाईत रॅम्झा एकटा, समोर वीग्राफ. इतका वेळ पाच जणांची फौज नीट बांधली असेल, पण रॅम्झाला मागं उभं राहून जादू करणारा ठेवला असेल, तर तो दोन-तीन फटक्यांत आडवा. जिंकलात तर वीग्राफचा राक्षस होतो आणि दुसरा अंक सुरू. त्यानंतर छपरावरची तिसरी लढाई. तिथं राफा नावाच्या मुलीला वाचवायचं असतं, पण तिच्यावर तुमचा ताबा नाही. ती स्वतःच मारेकऱ्यांच्या अंगावर धावते. कधी कधी तुमची पहिली पाळी येण्याआधीच ती मरते आणि गेम संपतो.

एकच सेव्ह ठेवणाऱ्यांची अनेक तासांची मेहनत इथं अडकून पडली. काहींनी पहिल्यापासून सुरुवात केली, काहींनी डिस्क ठेवून दिली. उपाय नव्हता असं नाही. रॅम्झाला वेग वाढवणारी आरोळी शिकवायची, मार बसला की आपोआप औषध घेण्याचं कसब लावायचं, मग वीग्राफच्या एका पाळीत आपल्या तीन-तीन होतात. पण हे माहीत असायला हवं आणि ते सहसा अडकल्यावरच कळतं. कथा न बदलू देणं हा लेखकाचा निर्णय म्हणून मला मान्य आहे. परतीची वाट बंद करून न सांगणं हा मात्र सरळ सरळ रचनेतला दोष. कडक गेमच्या कौतुकात जुने चाहते तो दोष झाकतात, ते पटत नाही.

आणखी काय खटकतं?

शेवटच्या भागात राजकारण मागं पडतं आणि प्राचीन राक्षस पुढे येतात. सरदारांच्या डावपेचांत गुंतलेल्यांना हे पचायला जड जातं. त्याच सुमारास ऑर्लांडो नावाचा सेनानी फौजेत येतो. तो इतका ताकदवान आहे की त्याच्यासोबत बहुतेक लढाया सोप्या होतात, म्हणून काही खेळाडू त्याला मुद्दाम बाहेर बसवतात. सैनिकांना कसब शिकवण्याची वाटही लांब आहे. शत्रूचा एकच दुबळा माणूस शिल्लक ठेवायचा आणि आपल्याच माणसांनी एकमेकांना दगड मारत बसायचं, हा २८ वर्षांचा लाडका, कंटाळवाणा उद्योग. पहिलं इंग्रजी भाषांतरही विनोदाचा विषय होतं. ड्रॅगनच्या फुंकरीसाठीच्या जपानी शब्दाचं चक्क ‘ब्रेसलेट’ झालं होतं!

नवी आवृत्ती घ्यावी की फोनवरची?

२००७ मध्ये पीएसपीसाठी ‘वॉर ऑफ द लायन्स’ ही सुधारित आवृत्ती आली. भाषांतर नवं, जुन्या इंग्रजी नाटकांच्या धाटणीचं. तीच पुढे २०११ मध्ये आयफोनवर आणि २०१५ मध्ये अँड्रॉइडवर आली. फोनच्या पडद्यावर घरं बारीक दिसतात, पण आळीपाळीचा गेम असल्यामुळे लोकलमध्ये उभ्यानं एक चाल खेळून फोन खिशात टाकता येतो.

२०२५ ची आवृत्ती प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच आणि पीसीसाठी आहे. फोनसाठी ती आलेली नाही. मूळ सोर्स कोड जपलेला नव्हता, त्यामुळे जुन्या आवृत्त्या तपासून बरंच काही पुन्हा उभं करावं लागलं, असं तिच्या निर्मात्यांनी सांगितलंय. कोडचा बॅकअप न ठेवणाऱ्या प्रत्येक टीमला हे वाक्य छापून द्यायला हवं. संवादांना आता आवाज आहेत, ऑटोसेव्ह आहे, लढाई भरभर पुढे नेता येते आणि काठिण्याच्या तीन पातळ्या आहेत. पूर्वी फौजेत आल्यावर मुकी होणारी पात्रं आता लढाईत अधूनमधून बोलतात. ‘वॉर ऑफ द लायन्स’मधले जादाचे पेशे मात्र यात नाहीत, त्यावरही वाद आहेच.

कथेसाठी खेळायचं असेल तर नवी आवृत्ती सोपी पडेल. फोनवरची घेतलीत तर रिओव्हानेसच्या दारात शिरण्याआधी एक सेव्ह वेगळ्या स्लॉटमध्ये ठेवा.