मराठी ठरते इंजिन बांधताना

उज्जैनच्या भैरवगढात बाटिकचे छिपे कारागीर कापडावर जिथे गरम मेण लावतात, तिथे रंग चढत नाही. नक्षी ठरते ती कापड रंगात बुडण्याआधीच. जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवणारे इंजिन मूळ कोडपासून बांधताना, म्हणजे कंपाइल करताना, असेच निर्णय आधी होतात आणि त्यांपैकी एक थेट मराठीशी संबंधित आहे.

गूगलचे व्ही८ हे इंजिन २००८ साली क्रोमबरोबर आले. सर्व्हरवर चालणारे नोडजेएसही त्याच्यावरच उभे आहे. व्ही८ बांधताना जीएन हे साधन पर्याय वाचून आराखडा करते आणि निंजा त्याबरहुकूम सी++ च्या फाइली कंपाइल करते. भाषांची माहिती आयसीयू या लायब्ररीतून येते. ती असली की मराठीसाठी १२,३४,५६७ असा आकडा देवनागरीत, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह उमटतो. पण आयसीयूचा आधार बंद ठेवूनही व्ही८ बांधता येते. नोडजेएसच्या तयार प्रतींत तर २०१९ मध्ये तेरावी आवृत्ती येईपर्यंत फक्त इंग्रजीची माहिती असे. मराठी मागितली तरी कोणतीही चूक न दाखवता इंग्रजी मांडणीच मिळे.

कुणी म्हणेल, ब्राउझरमध्ये सगळे असतेच, मग सामान्य माणसाने कशाला काळजी करावी? कारण बिले, पावत्या आणि याद्या बऱ्याचदा सर्व्हरवर तयार होतात आणि तिथले इंजिन दुसऱ्याच कुणीतरी निवडलेले असते. भाषेची माहिती मागाहून बाहेरून जोडता येई, हेही खरे. पण उणीव बोलून दाखवली जात नसेल तर ती जोडायचे सुचणार कुणाला? जागेचा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळ्या भाषांची माहिती कित्येक मेगाबाइट जागा घेते आणि छोट्या उपकरणाला ती परवडत नाही. मात्र उपाय सगळ्या भाषा गाळण्याचा नाही. आयसीयूची माहिती हव्या त्या भाषांपुरती छाटून बांधता येते. म्हणजे फक्त मराठी, हिंदी आणि इंग्रजी ठेवणेही शक्य आहे.

मूळ कोड खुला असल्याचा खरा लाभ हाच आहे: बांधणीचे पर्याय आपल्यालाही वाचता आणि बदलता येतात. मराठीत सेवा देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने आणि कंपनीने आपले इंजिन कोणत्या पर्यायांनी बांधले आहे हे तपासावे, आणि मराठी नसेल तर ते पुन्हा बांधून घ्यावे.