‘अप्रकट उष्मा’ : एका संज्ञेची निवड

उष्णता दिली की तापमान वाढलेच पाहिजे, हा समज जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकात ग्लासगो येथे खोडून काढला. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापण्यास सुमारे ४.२ ज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच लोखंडाला ०.४५ पुरते. बर्फ वितळताना मात्र ग्रॅममागे सुमारे ३३४ ज्यूल शोषूनही शून्य अंशावरच राहतो. ही उष्णता रेणूंची बांधणी सैल करण्यात खर्च होते. ब्लॅक यांनी तिला ‘लेटंट’ म्हटले. हिंदीने ‘गुप्त’ हा पर्याय घेतला, मराठी पाठ्यपुस्तकांनी ‘अप्रकट’. ‘गुप्त’ म्हणताच कोणीतरी लपविल्याचा भास होतो. ‘अप्रकट’ अधिक नेमका. कारण ही उष्णता केवळ तापमापीवर दिसत नाही, आणि पाणी गोठताना तेवढीच बाहेर पडते.