खोली मिळाली, पण सोबत?

भाच्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा घरात पेढे वाटले गेले. पण पेढ्यांचा डबा रिकामा व्हायच्या आत बहिणीचा पुण्याला मला फोन आला. "दादा, पोरगं राहणार कुठं?"

प्रश्न रास्त होता. प्रवेश नवी मुंबईतला, घर सांगोल्याचे. साल २०२४. प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीत नाव लागलेले, त्यामुळे सप्टेंबर उजाडला होता आणि कॉलेजचे वसतिगृह आधीच्या फेऱ्यांतल्या मुलांनी केव्हाच भरून गेले होते. जी मुले उशिरा येतात त्यांनी बाहेर पाहावे, अशी रीत. म्हणून मामा आणि भाचा असे दोघेजण दोन दिवस ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने खोल्या पाहत हिंडलो आणि शेवटी रबाळ्याच्या गावठाणात येऊन टेकलो.

रबाळे पुष्कळांनी पाहिलेले असते ते लोकलच्या खिडकीतून. ठाण्याहून वाशीकडे निघाले की ऐरोलीनंतरचे स्टेशन. ही गाडी २००४ साली सुरू झाली. रुळांच्या आणि हमरस्त्याच्या आसपास एमआयडीसीचे कारखाने, काचेच्या कचेऱ्या, आणि त्यांच्या मधोमध जुने गाव, म्हणजे अरुंद बोळ आणि त्या बोळांत एकमेकांना खेटून उभ्या तीन-तीन, चार-चार मजली चाळवजा इमारती. इतक्या खोल्या एका गावात कशा, हे कोडे इतिहास ठाऊक असला की सुटते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांची जमीन घेण्याचे ठरले. भातशेती आणि मिठागरे गेली, राहिले ते गावठाणातले घर. मोबदल्यासाठी लोकांना रस्त्यावर यावे लागले. १९८४ साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसे दगावली. शेत गेलेल्या आगरी-कोळी कुटुंबांनी मग घरावर मजला चढवला, खोल्या पाडल्या आणि भाडे हेच पीक मानले. आमची घरमालकीण त्यांतलीच. वय सत्तरीच्या पुढे, कपाळावर ठसठशीत कुंकू. मुले तिला आजी म्हणतात.

तिच्याकडे पोचण्यापूर्वी आम्ही सात खोल्या पाहिल्या. एका दलालाने कुलूप उघडण्याआधीच विचारले, "आडनाव काय?" मी म्हटले, "भाडे आडनाव देणार नाही, मी देणार आहे." तो हसला, पण पुन्हा विचारायला विसरला नाही. दुसरीकडे मांसाहार चालणार नाही अशी अट, तिसरीकडे पाहुणा आला तर दंड. मुलींसाठी खोली पाहणाऱ्या एका बापलेकी त्याच बोळात भेटल्या; त्यांची यादी आमच्यापेक्षा लांब होती. दार किती वाजता बंद होते, जिन्यावर दिवा आहे की नाही, मालक वर राहतो की खाली. त्या बिचारीला खोली मिळाली असती तरी मैत्रीण घरी बोलावण्याची सोय कुठेच नव्हती.

मी स्वतःला या कामात मोठा जाणता समजत होतो. भाडे, पाणी, अंतर आणि कडी-कुलूप हे माझे चार प्रश्न ठरलेले. आजीच्या घरी चारांची उत्तरे बरी आली. कॉटला साडेचार हजार, एका खोलीत तीन कॉट, पाणी सकाळी दोन तास, स्टेशन दहा मिनिटांवर. खोलीत दुसरे दोघे होते, पण ते कारखान्यात रात्रपाळीला. मला ते फारच पसंत पडले. म्हटले, दिवसा ते झोपतील, रात्री हा अभ्यास करील. केवढी शांतता!

ती शांतताच पोराच्या मुळावर आली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, रविवारी रात्री नऊच्या सुमारास त्याचा फोन आला. "मामा, मी परत येतो. बी.एस्सी. करीन सांगोल्याला." रॅगिंग झाले का, असे मी विचारले. हा गुन्हा आहे, १९९९ पासून महाराष्ट्रात त्याचा कायदा आहे, वगैरे सांगू लागलो. तो म्हणाला, "रॅगिंग करायला तरी कुणी बोलायला हवं ना." वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात साठ-सत्तर नावे होती. त्यातली निम्मी मुले घरून येणारी. चार वाजले की लोकल धरायची. वसतिगृहातली मुले एकत्र जेवत, एकत्र हिंडत. हा कुणातच नाही. आणि रविवारी संध्याकाळी मेसचा डबा येत नाही. पाच आठवडे दर रविवारी पोरगा स्टेशनबाहेर उभ्याउभ्या वडापाव खाऊन झोपत होता आणि आईला फोनवर "जेवलो" म्हणून सांगत होता.

माझ्या चार प्रश्नांत, तू जेवणार कुणाबरोबर, हा प्रश्न नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न ज्यांनी ओळखला ती माणसे मोठी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहे निघत गेली. त्यांतल्या जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहत होता. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला, परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला तयार झाला नाही, आणि बोर्डिंगातून बाहेर पडला, असे सांगतात. याच भाऊरावांनी पुढे १९२४ साली साताऱ्यात जे छत्रपती शाहू बोर्डिंग काढले, त्यात सगळ्या जातींची मुले एकाच पंगतीत बसवली. त्या पंगतीसाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा गेले. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे, कर्मवीरांच्या नावाचे कॉलेज आज वाशीला आहे. रबाळ्याहून पाचवे स्टेशन. त्या बोळातल्या दलालाला एकदा गाडीत बसवून तिथे न्यावे, असे माझ्या मनात येऊन गेले.

असो. मी दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो तो थेट रबाळ्याला. कॉलेज बदलायचे की खोली बदलायची, एवढाच विचार डोक्यात. आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "तरीच. पोरगा मान खाली घालून जातो, मान खाली घालून येतो. मी म्हटलं, शहाणा असंल." मग त्यांनी वरच्या मजल्यावर हाक मारली. तिथे लातूरकडचा एक मुलगा, जळगावचा एक, आणि आयटीआय करून कारखान्यात लागलेला एक बिहारी तरुण राहत होता. तिघेही रविवारी रात्री आपापल्या कॉटवर वडापावच खात होते! एकाच जिन्याने चढणारी ही चार मुले, आणि एकाला दुसऱ्याचे नाव ठाऊक नव्हते.

आजीने माळ्यावरचा जुना पाच लिटरचा कुकर काढून दिला. गॅस तिचा, धान्य मुलांचे, आणि भांडी घासायची पाळी चिठ्ठ्या टाकून. पहिल्या रविवारी खिचडी लागली, आणि ती भाच्यानेच लावली होती. दुसऱ्या रविवारी बिहारी तरुणाने लिट्टी-चोखा केला. आजीने चोखा चाखून, "हे तर आमच्या वांग्याच्या भरतासारखंच," असा निकाल दिला. भाच्याने खोली बदलली नाही, कॉट मात्र वरच्या मजल्यावर हलवली. एकदा घरी बोलावण्याजोगी जागा झाली तशी कॉलेजातली मुलेही येऊ लागली. त्यांतला एक एकांकिकेच्या चमूत होता. त्याच्यामागे हाही गेला. नटाचे अंग याला नाही, तेव्हा पडद्यामागे खुर्च्या उचलतो. स्नेहसंमेलनाच्या फोटोत एका कोपऱ्यात त्याचा अर्धा खांदा आला आहे आणि बहिणीने तो फोटो भिंतीवर लावला आहे.

ज्यांच्या मुलांना यंदा खोली पाहायची आहे त्यांच्यासाठी एक माहितीही इथे नोंदवतो, कारण ती दलाल सांगत नाहीत. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई, नवी मुंबई, पुण्यासारख्या शहरांत राहण्या-जेवणासाठी वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या इतर मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज वेळेत करावा लागतो. कागदपत्रे प्रवेशाच्या धावपळीतच जमवून ठेवावीत.

या जूनमध्ये आमच्या गावाकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी भाच्याला फोन केला. त्यांच्या मुलाला खोली पाहायची होती. शनिवारी येऊ का, असे त्यांनी विचारले. भाचा म्हणाला, "रविवारी संध्याकाळी या, काका. आणि येताना ज्वारीचं पीठ आणा. आजींना भाकरी आवडते, आणि इथं मिळतं ते जुनं असतं."