ऊन, खारं पाणी आणि जीपच्या काळातले सल्ले

अंजनगाव सुर्जीत गाडीबद्दलचा सल्ला मागावा लागत नाही. बोनेट वर केलं की पानठेल्यावरचे दोघे-तिघे आपसूक जवळ येतात आणि त्यांतल्या एकाने तरी कधीकाळी जीप किंवा ॲम्बेसेडर चालवलेली असते. त्याचं म्हणणं उगाचचं नसतं. त्या गाडीपुरतं ते बरोबर होतं. कार्बोरेटरचं इंजिन, ट्यूबचं टायर, तांब्या-पितळेचा रेडिएटर. आज दारात उभ्या असलेल्या गाडीत यातलं जवळपास काही उरलेलं नाही. बदललं नाही ते वऱ्हाडातलं ऊन आणि पाणी. जुने सल्ले सगळ्यांत महाग पडतात ते याच दोन बाबतींत.

"उन्हाळ्यात हवा कमीच ठेव, नाही त टायर फुटन."

तर्क सरळ वाटतो. उन्हाने हवा फुगते, म्हणून चार-पाच पीएसआय आधीच काढून ठेवायचे. घडतं मात्र उलटं. हवा कमी असलेलं टायर जमिनीवर जास्त दबतं, त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात वाकतात आणि सरळ होतात, आणि या वाकण्यातूनच टायर आतून तापतं. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. त्यात ही आतली उष्णता मिळाली की रबर आतल्या धाग्यांपासून सुटू लागतं. टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा कमी हवा, जास्त वजन किंवा टायरचं वय, यांतलं काहीतरी असतं.

हवा फुगते हेही खरंच. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे तासभर पळालेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसले तर नवल नाही. गाडी बनवणाऱ्याने हा हिशेब आधीच धरलेला असतो. म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना तपासायची. तापलेल्या टायरमधून 'जास्तीची' हवा काढली की ते गार झाल्यावर कमी हवेचं टायर होऊन बसतं. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, बऱ्याच गाड्यांत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा वेगवेगळा. टायरवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, रोज भरायचं माप नव्हे. पाचांच्या गाडीत सात जण बसवून लग्नाला निघणाऱ्यांसाठी मात्र कुठल्याच पट्टीवर आकडा छापलेला नाही.

नायट्रोजनचं थोडक्यात सांगतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. निव्वळ नायट्रोजन जरा सावकाश झिरपतो एवढंच. फुकट मिळाला तर घ्यावा, नाहीतर साधी हवा महिन्यातून दोनदा तपासणं जास्त उपयोगाचं. त्यापेक्षा टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायची सवय लावा. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं टायर. उभ्या गाडीचं टायर झिजत नाही, पण म्हातारं होतं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याच्या लेखीही ते संपलेलं असतं. खाचांमधले छोटे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले की ती वेळ आली म्हणून समजायचं.

"कूलंटले काहाले पैसे घालतं? पानी टाक न."

या सल्ल्यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच तो टिकून आहे. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत पाणी खरोखरच कूलंटपेक्षा सरस आहे. भर उन्हात रस्त्यात गाडी तापली आणि जवळ फक्त पाण्याची बाटली असली, तर इंजिन गार झाल्यावर ती ओतून गॅरेजपर्यंत जाणं यात काही गैर नाही. प्रश्न ते पाणी पुढचं वर्षभर आत ठेवण्याचा आहे.

आणि आपल्याकडे प्रश्न कोणत्या पाण्याचा, हाही आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. तिथलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी माणूस पीत नाही, पिकाला देताना शेतकरी दहादा विचार करतो, आणि तेच पाणी रेडिएटरमध्ये मात्र बिनदिक्कत ओततो. त्यातले क्षार गरम भिंतींवर थर धरतात. हा थर उष्णता अडवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या अरुंद करतो. क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडतं, आणि आताच्या गाड्यांत रेडिएटर, सिलिंडर हेड, बऱ्याचदा अख्खं इंजिनच ॲल्युमिनियमचं असतं. पाण्याचा पंप आणि हेड गॅसकेट यांचा खर्च पुढे येतो तेव्हा दोन वर्षांपूर्वीचं ते बादलीभर पाणी कुणाला आठवत नाही.

कूलंट फक्त थंड प्रदेशासाठी असतं, हा याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. बर्फ होऊ न देणं हे त्याचं एक काम. दुसरं काम गंज रोखणं, आणि तिसरं उकळबिंदू वर नेणं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असं मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं. टोपीमुळे आत दाब राहतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही बऱ्याच वरच्या तापमानाला. गरम इंजिनची ती टोपी उघडू नये याचं कारणही तेच. दाब सुटताक्षणी आतलं सगळं एकदम उकळून तोंडावर येतं.

विकत घेताना कॅनवर वाचावं. काही कूलंट तयार मिश्रण असतं, काहींत पाणी घालावं लागतं. घालायचं ते डिस्टिल्ड पाणी, बॅटरीचं म्हणून मिळतं ते. आरओच्या कॅनचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा बरं, पण त्यातही क्षार शिल्लक असतात. हिरवं आणि गुलाबी एकत्र करू नये. रंग ही काही प्रमाणित खूण नाही, त्यामुळे रंग जुळला म्हणजे रसायन जुळलं असंही नाही. गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकारच घ्यावा.

एसीच्या नळीतून टपकणारं पाणी बॅटरीत घालणारेही आहेत. ते पाणी हवेतून आलेलं म्हणून शुद्ध, अशी समजूत. वाटेत ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून, त्यांवरच्या धुळीतून वाहत येतं आणि हे धातू बॅटरीला मारक आहेत. डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीला लागतात तेवढे पैसे वाचवून बॅटरी गमावण्यात हशील नाही. बॅटरी थंडीत मरते असंही आपण मानतो, कारण ती डिसेंबरच्या सकाळी दगा देते. तिला खिळखिळी केलेली असते ती मे महिन्याने. थंडीत फक्त ते उघड होतं.

ऑइल काळं झालं, घट्ट ऑइल टाका

डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर काही दिवसांतच काळं पडतं. ते खराब झालेलं नसतं, काजळी धरून ठेवण्याचं काम करत असतं. रंगावर जाऊ नये, किलोमीटर आणि तारीख बघावी. यातली तारीख आपण विसरतो. कपाशी विकून घेतलेली आणि लग्नसराईपुरती निघणारी गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरही जात नाही, आणि मालक दहा हजारांची वाट बघत बसतो. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत जाऊन येण्याने इंजिन पुरतं तापत नाही, आत साचलेली वाफ ऑइलमध्ये उतरते. अशा गाडीचं ऑइल वर्षाला बदलायलाच हवं.

आपल्याकडे ऊन जास्त म्हणून ऑइल घट्ट हवं, हेही जीपच्याच काळातलं. पाच-डब्ल्यू-तीस या नावात पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा, दुसरा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा. बाहेर ४६ असो की १६, इंजिन आतून जवळपास तितकंच तापतं. पुस्तकात लिहिलंय तेच टाकावं.

"उतारावर न्यूट्रल कर, पेट्रोल वाचते."

परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलात की समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर पोचता, आणि मग तेवढंच खाली यायचं असतं. कार्बोरेटरच्या गाडीत न्यूट्रलने थोडं पेट्रोल वाचायचं. इंजेक्शनच्या गाडीत गणित उलटलं. गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून उतरताना संगणक इंधन पूर्ण तोडतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन पुन्हा सुरू. म्हणजे न्यूट्रलमध्येच पेट्रोल जळतं, वर सगळा भार ब्रेकवर. काही जण तर चावीच बंद करतात. मग दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, पॉवर स्टिअरिंग जातं, आणि चावी जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

ब्रेक ऑइल कुणी सहसा बदलत नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश असतो; पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात ब्रेक सतत दाबून ते उकळलं की पायडल जमिनीला टेकतं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ते बदलावं. चढलात त्याच गिअरमध्ये उतरावं, हा घाटातल्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम मात्र अगदी जुना असूनही आजही बरोबर आहे.

शेताच्या रस्त्याचं एक सांगायला हवं. पावसाळ्यात काळी माती चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर चिकटते आणि वाळून दगड होते. मग अमरावती-अकोला हमरस्त्यावर, जिथे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण सुमारे एकशे साडेपाच तासांत करून जागतिक विक्रम झाला, गाडीने ऐंशी गाठली की स्टिअरिंग थरथरायला लागतं. व्हील बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी चाकं आतून धुऊन बघा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. आणि नाल्याच्या पुरात गाडी बंद पडली तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. असं नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसतही नाही.

राहता राहिला गावच्या मिस्त्रीचा प्रश्न. बाहेर हात लावला की वॉरंटी गेली, अशी धास्ती आहे. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला, आणि बाहेरच्या मिस्त्रीकडे काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये असंही बजावलं. बाहेरच्या सदोष कामामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. दंडाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. तेव्हा वॉरंटी असेपर्यंत ठरलेल्या सर्व्हिसिंग चुकवू नयेत, पण पंक्चर, बॅटरी, वायपर, दिवे यांसाठी अमरावती गाठायची गरज नाही. गावात ऑइल बदललं तर बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलची प्रत आणि फिल्टरचा नंबर लिहून घ्यावा. 'ऑइल बदली, १' एवढंच लिहिलेली चिठ्ठी वाद पडल्यावर कामाची नसते.