पोरगं जर्मनीत आहे, म्हणजे नेमकं कुठे आहे?

जळगावच्या मेहरूण तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या घोळक्यात हल्ली जर्मनीचा विषय निघाला नाही, असा दिवस विरळा. माहितीचे झरे दोनच: व्हिडिओ कॉल आणि एजंट. कॉलवर पोरगं खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतं. उरलेलं अर्धं एजंट पदरचं घालून पुरं करतो.

‘तिकडे शिक्षण फुकट आहे.’ बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, इथपर्यंत खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं, आणि श्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग ही सगळी त्याच राज्यातली. शिवाय व्हिसासाठी बहुतेकांना वर्षभराचा खर्च आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे. ही फी नव्हे. पैसा आपलाच, पोराला महिन्याला ९९२ युरोप्रमाणे परत मिळतो. पण उभा करायचा एकरकमी, आणि व्हिसाची तारीख काही कापूस विकला जाईपर्यंत थांबत नाही.

‘पगार चार हजार युरो, म्हणजे महिन्याला चार लाख!’ हा गुणाकार करणाऱ्याला आधी वजाबाकी शिकवायला हवी. चार हजारांतून कर, आरोग्य विमा, पेन्शन कापून अविवाहित माणसाच्या हाती अडीच हजारांहून थोडं अधिक येतं. ते कापलेले पैसे पाण्यात जातात असंही नाही. आजारी पडला तर सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, आणि दवाखान्यात ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणून कुणी अडवत नाही. हे सुख पगाराच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

खरा जीव जातो तो घर शोधताना. भाडं दोन प्रकारचं सांगतात, ‘थंड’ आणि ‘गरम’. गरम भाड्यात हीटर-पाण्याचा खर्च धरलेला असतो, वीज बहुधा वेगळीच. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी असू शकते. आणि दार उघडून आत जावं तर पुष्कळ घरांत स्वयंपाकघरच नसतं! म्हणजे खोली असते, भिंतीतून नळाची तोटी डोकावत असते, पण ओटा, सिंक, शेगडी जुन्या भाडेकरूने उचलून नेलेली. नव्याने आपली आणून बसवायची. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र हवं. ते पत्र द्यायला पोटभाड्याने ठेवणारा टाळाटाळ करतो, आणि नोंदणीवाचून कर क्रमांकापासून बँकेपर्यंत सगळं अडून बसतं. कॉलवर पोरगं गप्प-गप्प वाटलं, तर घराची आठवण येत असेल असं लगेच समजू नका. बिचारं या कागदात अडकलेलं असू शकतं.

‘तिकडे गाड्या घड्याळाच्या काट्यावर.’ जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये वेळेवर पोचल्या ६२.५ टक्के, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. जळगाव जंक्शनवर वाढलेल्याला हे नवीन नाही. नवीन हे की तासभर उशीर झाला तर तिकिटाचे पाव पैसे परत मिळतात, दोन तास झाला तर निम्मे.

‘तिथे माणूस एकटा पडतो.’ पडतो, पहिल्या हिवाळ्यात तर नक्कीच. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार, आणि रविवारी दुकानं बंद. दूध संपलं तर पेट्रोल पंप किंवा मोठं स्टेशन गाठा. केळी मिळतात, पण इक्वेडोर-कोलंबियाची. आपल्या रावेरची केळी जातात ती मुख्यतः आखाती देशांत. बामणोदच्या वांग्याचं भरीत तर विसराच. काळंजांभळं वांगं ओव्हनमध्ये ठेवायचं. गॅसवर भाजायची हौस केली, तर छताला लावलेला धुराचा अलार्म अख्खी इमारत जागी करतो.

पण त्याच एकटेपणाची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. पगार किती, लग्न कधी, हे शेजारी विचारत नाही. रात्री अकराला एकटी ट्रॅमने घरी येणारी मुलगी, ‘मला इथे मोकळं वाटतं’ म्हणते, तेव्हा तिच्या आईला वाईट वाटतं. वाटू नये, असं माझं मत.

‘परदेशी गेला, आता शेतावरचा हक्क गेला.’ चावडीवर हे भाऊबंदच पसरवतात, आणि का ते सांगायला नको. वारसाने आलेली शेतजमीन अनिवासी भारतीयाची राहते, सातबाऱ्यावर नावही राहतं. फक्त नवी शेतजमीन त्याला विकत घेता येत नाही. मात्र जून २०२४ पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व देते म्हणून कुणी हुरळून जाऊ नये. भारत ते मानत नाही. तिथलं घेतलं की इथलं संपलं. मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड काढता येतं, पण त्यावर मतदान नाही.

भारतीय पासपोर्ट असेल तर मताचा हक्क मात्र शाबूत असतो. २०११ पासून अनिवासींना ‘नमुना ६-अ’ भरून आपल्या पासपोर्टवरच्या पत्त्याच्या यादीत नाव घालता येतं. अट एकच: मत टपालाने नाही, ऑनलाइन नाही. पासपोर्ट घेऊन स्वतः मेहरूणच्या केंद्रावर रांगेत उभं राहायचं, विमानाचं भाडं ज्याचं त्याने.