बोली पडद्यावर, माल आगारात

चंद्रपूर आणि गडचिरोलीत लिलाव कुणाला नवा नाही. सागवान, बांबू, तेंदूपत्ता, कोळसा, रेतीघाट अशा कितीतरी मालाचा भाव इथे बोलीवर ठरत आला आहे. गेल्या वीसेक वर्षांत ही बोली आगारातल्या मांडवातून उठून संगणकावर गेली आणि तिच्याविषयी दोन टोकांची मतं पक्की झाली. एका मताप्रमाणे ऑनलाइनमुळे सगळी लबाडी संपली. दुसऱ्या मताप्रमाणे ऑनलाइनमुळे जंगल परक्यांच्या घशात गेलं. दोन्ही मतं अर्धवट आहेत. शेकडो गावांचं वर्षाचं रोख उत्पन्न या बोलीवर अवलंबून असताना अर्धवट माहिती महागात पडते.

गैरसमज : ऑनलाइन लिलाव ही अमेरिकेतून आलेली नवी कल्पना आहे

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिदयार या तरुण प्रोग्रामरने कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरून 'ऑक्शनवेब' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. दोन वर्षांनी त्याचं नाव 'ईबे' झालं. होणाऱ्या बायकोला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवण्याचा छंद होता आणि तिच्यासाठी त्याने हे संकेतस्थळ काढलं, ही गोष्ट वर्षानुवर्षं छापली गेली. ती खरी नाही. बातमीदारांना काहीतरी गोड सांगायला हवं म्हणून कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने ती रचली होती आणि पुढे ते उघडही झालं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर, किंमत १४ डॉलर ८३ सेंट. मोडकी वस्तू कोण घेणार, असं वाटत असताना मोडके पॉइंटरच जमवणारा गिऱ्हाईक सापडला.

ईबेचं नवेपण एवढ्यातच आहे. लिलाव जुनाच होता. एकमेकांना कधी न भेटलेले विकणारे आणि घेणारे समोरासमोर आले, आणि विश्वास बसावा म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे आधीच्या व्यवहारांचे शेरे दिसू लागले.

अनोळखी गिऱ्हाइकाला न बोलता माल पटवून देण्याची गरज चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाच्या लाकूड आगाराला त्याच्या कितीतरी आधीपासून होती. १९२९ मध्ये काझीपेट-बल्लारशा दुवा पूर्ण झाला, दिल्ली-मद्रास रेल्वेमार्ग सलग झाला आणि आलापल्ली-अहेरीकडचं सागवान देशभर जाऊ लागलं. व्यापारी त्याला आजही 'सीपी टीक' म्हणतात, जुन्या मध्य प्रांताच्या नावावरून. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलेलं सागवान याच भागातलं. लांबून येणाऱ्या व्यापाऱ्याला इथलं जंगल माहीत नसतं. त्याला कळतं ते लाकडाच्या तोंडावर रंगवलेल्या आकड्यावरून.

गैरसमज : पडद्यावर दिसतं तेवढंच लाकूड असतं

आगारात आलेल्या प्रत्येक नगाची लांबी मोजतात, मध्यावर टेप गुंडाळून घेर घेतात, तोंडावर क्रमांक घालतात आणि हातोड्याने वनखात्याची खूण उठवतात. मग घेर, लांबी, सरळपणा आणि पोकळी पाहून सारख्या नगांच्या थप्प्या लागतात. एक थप्पी किंवा काही थप्प्या मिळून एक लॉट. इमारती माल वेगळा, गोल आणि बल्ल्या वेगळ्या, जळाऊ बिट वेगळे.

घनमीटर काढताना चतुर्थांश घेराचं जुनं सूत्र वापरतात. घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. नगाचा मधला घेर १२० सेंटिमीटर आणि लांबी ३ मीटर असेल, तर चौथा भाग ३० सेंटिमीटर आणि उत्तर ०.२७ घनमीटर. तोच नग नळकांड्यासारखा अगदी गोल धरला, तर त्याचं खरं आकारमान सुमारे ०.३४ घनमीटर भरतं. म्हणजे कागदावर एकवीस-बावीस टक्के कमी. ही चोरी नाही. गोल लाकूड चौकोनी करताना पाखी आणि भुसा निघतो, त्याची सूट या सूत्रात धरलेली आहे. जुन्या व्यापाऱ्याला हे पाठ असतं. पहिल्यांदा बोली लावणारा मात्र यादीतल्या घनमीटरवरून आरागिरणीचा हिशेब मांडतो आणि चुकतो.

म्हणूनच लिलावाच्या आधी माल पाहायची मुभा असते आणि तो पाहिलाच पाहिजे. 'आहे तिथे, आहे त्या स्थितीत' ही अट नेहमी असते. लॉट घेतल्यावर नग पोकळ निघाला अशी तक्रार टिकत नाही. फोटोत नगाचं तोंड दिसतं, पोटातली घुण दिसत नाही.

गैरसमज : संकेतस्थळच माल विकतं

हा गैरसमज एकदा फार महागात पडला. २००० मध्ये मुंबईत अवनीश बजाज आणि सुवीर सुजान यांनी 'बाझी डॉट कॉम' सुरू केलं. २००४ मध्ये ईबेने ते सुमारे ५ कोटी डॉलरला विकत घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुणा विक्रेत्याने तिथे एक अश्लील चित्रफीत विक्रीला लावली आणि डिसेंबरात दिल्ली पोलिसांनी अटक केली ती संकेतस्थळाच्या प्रमुखाला, म्हणजे बजाज यांना. बाजार भरवणारा आणि माल विकणारा हे दोघे वेगळे, हा फरक तेव्हाच्या कायद्यात धूसर होता. २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा मध्यस्थाची जबाबदारी अधिक स्पष्ट करण्यात आली.

ईबेचं भारतातलं दुकान पुढे फ्लिपकार्टकडे गेलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये बंद पडलं. आपल्या घरगुती खरेदीदाराला बोलीपेक्षा ठरलेला भाव पसंत पडला. त्यावरून भारतात ऑनलाइन लिलाव फसला असं म्हणणं मात्र चूक. तो सरकारी मालात रुजला. १९६४ मध्ये भंगाराच्या व्यापारासाठी कोलकात्यात स्थापन झालेली एमएसटीसी ही कंपनी आज खाणपट्ट्यांपासून भंगारापर्यंत असंख्य ई-लिलाव चालवते. सेल आणि टाटा स्टील यांनी २००१ मध्ये उभारलेली, आज एमजंक्शन म्हणून ओळखली जाणारी कंपनीही याच धंद्यात आहे. या कंपन्या फक्त मांडव घालतात. माल वनखात्याचा, वनविकास महामंडळाचा किंवा वेस्टर्न कोलफिल्ड्सचा (वेकोलि) असतो. अटी तेच ठरवतात आणि तंटाही त्यांच्याशीच होतो. सर्वात मोठी बोली आपली लागली म्हणजे माल आपला झाला, असंही नाही. बोली हातच्या किमतीखाली, म्हणजे विकणाऱ्याने आधी ठरवलेल्या किमान भावाखाली राहिली तर लॉट पुढच्या फेरीत जातो आणि मंजुरीचा अधिकार विकणाऱ्याकडेच राहतो.

गैरसमज : ऑनलाइन झालं की भाव चढतो आणि संगनमत संपतं

मांडवातल्या लिलावात काय व्हायचं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठरलेले व्यापारी आधी आपसात वाटणी करायचे, एक बोलायचा आणि बाकीचे गप्प राहायचे. गावातल्या एखाद्या सुताराने तोंड उघडलं तर त्याच्याकडे असं बघायचे की तो पुन्हा येत नसे. पडद्यावर बोलणाऱ्याचं नाव दिसत नाही, त्यामुळे ही दमदाटी खरोखर कमी झाली. हैदराबादचा किंवा गुजरातचा व्यापारी घरबसल्या बोली लावू शकतो. शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप काही मिनिटांनी वाढते, त्यामुळे घड्याळाकडे डोळा ठेवून माल उचलण्याची युक्तीही चालत नाही. हा फायदा मोठा आहे आणि तो मान्य करायलाच हवा.

पण वाटणी फोनवरही ठरते. एखाद्या मालाचे घेणारे देशात दहाच असतील, तर ते मांडवात बसोत की संगणकापुढे, एकमेकांना ओळखतातच. त्यावर उपाय दोनच. हातची किंमत बाजार पाहून ठरवायची आणि घेणारे वाढवायचे. माझ्या मते यात लॉटचा आकार सर्वात महत्त्वाचा आहे. लॉट मोठा ठेवला तर बयाणा मोठा लागतो आणि चंद्रपूरचा फर्निचरवाला दारातच अडतो. लॉट लहान केला तर कागदपत्रं वाढतात, पण बोली लावणारे हातही वाढतात. नोंदणी, पॅन आणि बयाणा असला की कुणालाही बोली लावता येते असं नियम म्हणतो. ते प्रत्यक्षात यावं असं वाटत असेल तर लॉट स्थानिकांच्या ऐपतीचे हवेत.

भाव चढला की सगळं भलंच होतं, असंही नाही. कोल इंडियाने २००५ च्या सुमारास कोळशाचा ई-लिलाव सुरू केला. दुर्गापूर, सास्ती, बल्लारपूरच्या खाणी चालवणारी वेकोलि हीदेखील त्याचीच उपकंपनी. भाव चढले आणि लहान कारखानदार न्यायालयात गेले. १ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द केली. कोळशासारख्या जीवनावश्यक मालावर मक्तेदारी असलेल्या सरकारी कंपनीला केवळ नफ्याच्या हिशेबाने चालता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. २००७ मध्ये नवं कोळसा वाटप धोरण आलं आणि ई-लिलाव परतला, पण उत्पादनाच्या मर्यादित हिश्श्यापुरता. वाळूचंही तसंच झालं. राज्याने २०२३ मध्ये लिलाव बाजूला ठेवून शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण आणलं आणि २०२५ मध्ये पुन्हा ई-लिलावाकडे वळलं.

गैरसमज : लिलाव झाला म्हणजे जंगल विकलं गेलं

जून २०२० मध्ये केंद्राने व्यापारी कोळसा खाणींच्या लिलावाची यादी काढली. तीत चिमूरकडचा, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाजवळचा बंदर खाणपट्टा होता. वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर खाण नको, अशी हरकत जिल्ह्यातून आणि राज्य सरकारकडून गेली आणि बंदर यादीतून वगळला गेला. खाणपट्ट्याच्या लिलावात जमिनीची मालकी विकली जात नाही, खनिज काढण्याचा हक्क दिला जातो. त्यानंतर वनसंवर्धन कायद्याखालची परवानगी, पर्यावरण मंजुरी आणि जिथे लागू असेल तिथे वनहक्कांचा निपटारा व्हावा लागतो. म्हणून हरकत यादी निघाली तेव्हाच घ्यायची असते.

आणि सगळाच माल बोलीवर जात नाही. जुन्या मध्य प्रांतापासून चालत आलेले निस्तार हक्क, म्हणजे गावकऱ्यांनी घरगुती गरजेपुरता वनमाल घेण्याचे हक्क इथे आहेत. बुरड कामगारांना सवलतीच्या दराने बांबू मिळतो. तो वेळेवर मिळत नाही ही तक्रार रास्त आहे, पण तिचा दोष लिलावाच्या पद्धतीवर येत नाही.

गैरसमज : जंगलातला सगळा माल सरकारचा, म्हणून लिलावही सरकारच करणार

सर्वात मोठा बदल इथेच झाला आणि तो संगणकाने झालेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदू ही गौण वनोपजं ठरवली आणि त्यांची मालकी हक्कदार ग्रामसभांकडे दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना (टीपी) खातं देईना, कारण जुन्या वन कायद्यात बांबू 'झाड' होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. विकण्याचा हक्क त्या दिवशी कागदावरून हातात आला. टीपी नसेल तर संगणकावर लागलेली कितीही मोठी बोली नाक्यावर अडते.

तेंदूची गोष्ट आणखी वेगळी. इथे बहुधा पानं तोडण्याआधीच घटक विकला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेला कटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी होते, एप्रिलअखेर ते मे तोडाई चालते. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. पहाटे तोडून आणलेले पुडे घरातली म्हातारी-पोरं दुपारपर्यंत बांधतात, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर मुन्शी मोजतो आणि पुडे उन्हात पसरले जातात. एका गारपिटीत सगळं काळवंडू शकतं. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या क्षेत्रातल्या ग्रामसभेपुढे दोन पर्याय असतात. वनखात्याने तिच्या वतीने ई-निविदा आणि ई-लिलाव करायचा, किंवा ग्रामसभेने स्वतः जाहिरात देऊन विकायचं.

हंगाम कसा जाईल हे कुणालाच ठाऊक नसताना सर्वात जास्त बोली तोच लावतो, ज्याचा अंदाज सर्वात फुगलेला असतो. अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. लिलावाच्या अशा अभ्यासासाठी रॉबर्ट विल्सन आणि पॉल मिलग्रोम यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गडचिरोलीने हा शाप आधीच भोगला होता. २०१७ च्या हंगामात तेंदूचे दर खूप चढले. त्याच जुलैत जीएसटी आला, तेंदूपत्त्यावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के. पुढच्या हंगामात दर कोसळले.

तेव्हा ग्रामसभेने बोलीचा आकडा पाहून हुरळू नये. बयाणा किती, हप्ते कधी, तोडाईची मजुरी शेकड्यामागे कोण आणि कधी देणार, गारपीट झाली तर नुकसान कुणाचं, हे करारात आधी लिहून घ्यावं. आणि शेवटचा हप्ता चुकता होईपर्यंत गोदामाची किल्ली गावाकडे ठेवावी.